इंग्लंडच्या विल्टशरमध्ये एकच दिवस? एव्हबरी सोडू नका
एका दिवसाच्या सहलीत फक्त स्टोनहेंजचं प्राचीन शिलावर्तुळ बघायचं म्हणताय, म्हणून कळकळीने लिहितेय. स्टोनहेंजचे दगड एरवी दोरीपलीकडूनच पाहावे लागतात. एव्हबरीत मात्र तिथल्या दगडांना खुशाल हात लावता येतो. जगातलं सर्वांत मोठं शिलावर्तुळ, आणि त्याच्या आत चक्क गाव वसलंय, मेंढ्या चरतात! गाडून टाकलेल्या कित्येक शिळा १९३० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कीलरने पुन्हा उभ्या केल्या.

तिथून चालत वेस्ट केनेटला जाच. इ.स.पू. ३६५० च्या सुमाराची, जवळपास १०० मीटर लांबीची समाधी. आतल्या दगडी दालनांत शिरता येतं. मी नुसती उभी राहिले, बोलवेचना. वाटेतल्या सिल्बरी या प्राचीन मानवनिर्मित टेकडीवर मात्र चढायला मनाई आहे. जवळच्या स्विंडन शहरातून एव्हबरीला बस मिळते.