संघ सोडण्याची मागणी करणाऱ्या खेळाडूचा सन्मान करावा का?

प्रश्न : बास्केटबॉलपटू व्हिन्स कार्टर यांनी 2004 मध्ये टोरंटो रॅप्टर्स या आपल्या संघाकडे आपल्याला दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची मागणी केली. पुढे कित्येक वर्षे तेथील प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली; तरीही 2024 मध्ये त्याच संघाने त्यांचा 15 क्रमांक निवृत्त केला, म्हणजे सन्मान म्हणून तो पुढे कोणत्याही खेळाडूला न देण्याचे ठरवले. हे योग्य झाले का?

पहिले उत्तर : नाही. जाण्याचा हक्क मला मान्य आहे. परंतु आपण नेहमीच जीव ओतून खेळलो नाही, हे त्यांनी स्वतःच मुलाखतीत कबूल केले होते. शिवाय त्यांच्या बदल्यात मिळालेले खेळाडू अलोंझो मोर्निंग टोरंटोकडून एकही सामना खेळले नाहीत. ती जखम प्रेक्षकांनी सोसली आहे.

दुसरे उत्तर : मला मात्र नोव्हेंबर 2014 ची ती रात्र विसरता येत नाही. पाहुण्या मेम्फिस संघातून आलेल्या कार्टर यांची जुनी दृश्ये पडद्यावर दाखवली गेली, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले आणि त्यांच्या गालांवरून अश्रू ओघळले. राग खराच होता, पण मुळात तो प्रेमापोटीच होता.

तिसरे उत्तर : बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांनीही आपल्या मिलवॉकी संघाला 1971 चे विजेतेपद मिळवून दिल्यानंतर संघ सोडण्याची मागणी केली होती; 1993 मध्ये मिलवॉकीने त्यांचा 33 क्रमांक निवृत्त केला.