दुसरे महायुद्ध सामान्य अमेरिकी माणसाने नेमके कसे अनुभवले?

जुनीपाने (प्रश्न):

नमस्कार. आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात दुसऱ्या महायुद्धातील सामान्य माणसाच्या अनुभवावर प्रत्येकाने एकेका देशाविषयी बोलायचे आहे आणि माझ्या वाट्याला अमेरिका आली आहे. लंडन किंवा लेनिनग्राड ज्यांच्याकडे आहे त्यांना निदान काय सांगायचे ते ठाऊक आहे. माझी अडचण अशी की, ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, त्यात सुमारे २,४०० माणसे मेली आणि त्यानंतर मुख्य भूमीवरील एकाही शहरावर बॉम्बवर्षाव झाला नाही. उलट १९४० साली पंधरा टक्क्यांच्या आसपास असलेली बेकारी १९४४ पर्यंत दीड टक्क्याच्याही खाली आली. युरोप बेचिराख होत असताना या देशात लोकांना कामे मिळत होती आणि पगार वाढत होते. तरीही अमेरिकी माणूस त्या काळाविषयी त्यागाच्या भाषेत बोलतो आणि माझी आजी मुंबईच्या १९४३च्या रेशनिंगविषयी बोलत असे तसेच तिथल्या आज्याही रेशनच्या पुस्तकांविषयी बोलतात, हे वाचून मला थोडे नवल वाटले. जे घरी राहिले त्यांना युद्ध खरोखर जाणवले का, आणि जे बाहेर गेले त्यांचा अनुभव घरापर्यंत कितपत पोचला, हे जाणकारांनी सांगावे. लढायांची माहिती माझ्याकडे पुरेशी आहे.

तागडी:

सुरुवात टायरपासून करा, असे मी सुचवीन. अमेरिकेत जानेवारी १९४२ मध्ये पहिले रेशनिंग आले ते अन्नाचे नव्हते, टायरचे होते. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज गिळल्यावर नैसर्गिक रबराचा जवळजवळ नव्वद टक्के पुरवठा तुटला, आणि ज्या देशातला शेतकरीही मोटारीवाचून बाजार गाठू शकत नव्हता त्या देशाची दुखरी नस नेमकी तिथेच होती. देशात पेट्रोल निघत असतानाही डिसेंबर १९४२ पासून ते सर्वत्र रेशनवर आले, ते लोकांनी गाडी कमी चालवावी आणि टायर झिजू नयेत या मुख्य हेतूने. (पूर्व किनाऱ्यावर हे नियंत्रण मे महिन्यातच आले होते, कारण जर्मन पाणबुड्या तेलवाहू जहाजे बुडवीत होत्या आणि तिथली टंचाई खरीखुरी होती.) ज्याच्या गाडीच्या काचेवर 'ए' अक्षराची चिठ्ठी असे त्याला आठवड्याला तीन-चार गॅलन पेट्रोल मिळे आणि वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरिकांसाठी मोटारी बनवणेच थांबले. डेट्रॉइटजवळ विलो रन येथे फोर्डने उभारलेल्या कारखान्यातून, तो भरात आला तेव्हा, तासाला एक बी-२४ बॉम्बफेकी विमान बाहेर पडत असे.

अन्नाचे नियंत्रण मे १९४२ मध्ये साखरेपासून सुरू झाले. मग कॉफी आली, आणि १९४३ मध्ये डबाबंद पदार्थ, मांस, लोणी आणि चीज यांचा क्रम लागला. इथली पद्धत तपशिलाने समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात पैशांचा हिशेब वेगळा आणि 'पॉइंटां'चा हिशेब वेगळा होता. मांसासाठी लाल तिकिटे, डबाबंद पदार्थांसाठी निळी, आणि कोणत्या वस्तूला किती पॉइंट लागतील हे साठ्यानुसार बदलत राही, त्यामुळे हातात डॉलर असूनही महिनाअखेरीस पॉइंट संपलेली गृहिणी दुकानातून रिकाम्या हाताने परतू शकत असे. रेशनची पुस्तके वाटणाऱ्या स्थानिक मंडळांवर गावातलेच प्रतिष्ठित लोक विनावेतन बसत, म्हणजे ज्याच्याकडे जादा पेट्रोल मागायचे तो रोजच्या ओळखीचाच असे. काळा बाजार, विशेषतः मांसाचा, अर्थातच होता.

पगार वाढले, पण त्या पैशातून मोटार घेता येत नव्हती आणि फ्रिजही घेता येत नव्हता. तो पैसा सरकारने रोख्यांत वळवला. १८.७५ डॉलरला घेतलेला रोखा दहा वर्षांनी २५ डॉलर देई, आणि शाळकरी मुले दहा-दहा सेंटची तिकिटे वहीत चिकटवून त्या रकमेपर्यंत पोचत. १९४३ पासून प्राप्तिकर पगारातूनच कापला जाऊ लागला, तो आजतागायत कापला जातो.

एक मात्र स्पष्ट लिहितो. आपल्या आजीचे रेशनिंग आणि हे रेशनिंग यांना एकच शब्द लावला तरी त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली त्या १९४३ साली अमेरिकी कुटुंब एकंदरीत १९३०च्या दशकातील मंदीच्या काळापेक्षा चांगले जेवत होते. त्यागाची भाषा ऐकताना ही तुलना मनात ठेवावी, असे माझे मत आहे.

टपालपेटी:

तागडी यांचा हिशेब बिनचूक आहे, पण युद्ध स्वयंपाकघरात मोजले की निम्मी गोष्ट सुटते. सुमारे तेरा कोटी लोकसंख्येच्या देशातून १.६ कोटी माणसे गणवेशात गेली आणि त्यांतील दहापैकी सहाहून अधिक सक्तीच्या भरतीने गेली. परदेशी गेलेला सैनिक सरासरी सोळा महिने तिकडे राहिला. ब्रिटिश घराला युद्ध छपरावर ऐकू येई, तर अमेरिकी घराला ते दारावरच्या टपालात शोधावे लागे. खिडकीत लावलेल्या छोट्या झेंड्यावर सैन्यात असलेल्या प्रत्येकासाठी एक निळा तारा असे, आणि माणूस मेला की त्यावर सोनेरी तारा शिवला जाई. त्यामुळे रस्त्यावरून चालणाऱ्याला प्रत्येक घराची स्थिती न विचारता कळत असे. तारवाला पोऱ्या सायकलवरून गल्लीत शिरला की कोणत्या दारी थांबतो हे सगळी गल्ली पाहत राही.

पत्रे हाच दुवा होता आणि त्यालाही कात्री होती. जहाजात जागा कमी असल्याने १९४२ पासून पत्रांचे सूक्ष्म छायाचित्र फिल्मवर घेऊन ती फिल्म पाठवत आणि पलीकडे छापून तळहाताएवढा कागद हाती देत. त्याआधी अधिकारी पत्र वाचून ठिकाणांची नावे खोडत, त्यामुळे मुलगा कोणत्या बेटावर आहे हे आईला कित्येकदा वर्तमानपत्रातल्या नकाशावरून तर्काने काढावे लागे. मृत अमेरिकी सैनिकांचे छायाचित्र तर सप्टेंबर १९४३ पर्यंत छापूच दिले नव्हते. त्या महिन्यात 'लाइफ' साप्ताहिकात न्यू गिनीतील बुना येथील वाळूवर पडलेल्या तीन सैनिकांचे चित्र आले, तेही लोक फार निर्धास्त होऊ लागले आहेत असे सरकारला वाटल्यामुळे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर यात आहे. अनुभव घरी पोचत होता, पण किती पोचावा याची मात्रा वरून ठरत होती.

आयोवातील वॉटरलू गावचे सलिव्हन कुटुंब घ्या. पाचही भाऊ 'जुनो' या एकाच युद्धनौकेवर होते आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये पॅसिफिकमधील ग्वाडलकनाल बेटाजवळ ती बुडाली. आईवडिलांना पक्की बातमी जानेवारीत मिळाली. त्यानंतर हेच आईवडील कारखान्यांतून आणि गोद्यांतून फिरून कामगारांना रोखे घेण्याचे आवाहन करत राहिले. दुःखालाही कामाला लावले गेले होते, आणि त्या आईला ते काम करावेसे वाटले असेल हेही मी नाकारत नाही.

युद्धात एकूण सुमारे ४,०५,००० अमेरिकी सैनिक मेले, त्यांपैकी लाखाहून अधिक प्रत्यक्ष लढाईबाहेर, म्हणजे अपघात, आजार अशा कारणांनी. ही संख्या रशियाच्या किंवा चीनच्या मानाने लहान आहे. पण युद्ध संपल्यावर या घरांपुढे एक असा कागद आला जो फार थोड्या देशांतल्या घरांपुढे आला: आपल्या माणसाचे अवशेष परत आणायचे की तो पडला त्या बाजूच्या लष्करी दफनभूमीतच ठेवायचे, याची निवड जवळच्या नातलगाने करायची. १९४७ ते १९५१ या काळात सुमारे १,७१,००० शवपेट्या परत आल्या. कल्पना करा, दोन-तीन वर्षांपूर्वी रडून झालेल्या घरात पुन्हा अंत्यविधी. विधवेने दुसरे लग्न केले असेल तर निवडीचा हक्क तिच्याकडे राहत नसे. माझ्या मते आपल्या व्याख्यानाचा शेवटचा भाग या कागदावर असावा.

सिएटलनिवासी:

मी गेली बावीस वर्षे वॉशिंग्टन राज्यात राहतो. इथे दर सप्टेंबरात पुयालप गावी मोठी जत्रा भरते आणि आमच्या महाराष्ट्र मंडळातली बरीच कुटुंबे मुलांना घेऊन तिथे जातात. पहिली काही वर्षे मलाही ठाऊक नव्हते की १९४२च्या उन्हाळ्यात याच मैदानावर आणि शेजारच्या वाहनतळांवर घाईने बांधलेल्या बराकींत सात हजारांहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना काटेरी तारेआड ठेवले होते. त्या छावणीला नाव दिले होते 'कॅम्प हार्मनी'. नंतर त्यांना रेल्वेने आयडाहोतील मिनिडोका येथील छावणीत नेले.

'अमेरिकी माणसाचा अनुभव' असे एकवचन वापरताना म्हणूनच सावध राहावे. रूझवेल्ट यांनी १९ फेब्रुवारी १९४२ रोजी सही केलेल्या ९०६६ क्रमांकाच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० लोक हलवले गेले आणि त्यांतील दोनतृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. सिएटलसमोरच्या बेनब्रिज बेटावरील २२७ जणांना सर्वांत आधी, ३० मार्चला, नेले. आवराआवरीसाठी त्यांना सहा दिवस मिळाले होते, आणि हाती नेता येईल तेवढेच सामान नेण्याची परवानगी होती. स्ट्रॉबेरीचे मळे ऐन हंगामाच्या तोंडावर सोडून ते बोटीत चढले. लष्करी गरजेचे कारण सांगितले गेले, पण ज्या हवाईवर प्रत्यक्ष हल्ला झाला आणि जिथे एकतृतीयांशाहून अधिक लोक जपानी वंशाचे होते, तिथे असे सरसकट स्थलांतर झाले नाही, कारण तिथले ऊसमळे आणि गोद्या त्यांच्यावाचून चालल्या नसत्या. एवढ्या एका तुलनेने ते कारण माझ्या दृष्टीने निकालात निघते.

टपालपेटी यांनी सांगितलेले निळे तारे या छावण्यांतल्या बराकींच्या खिडक्यांतही लागले होते. तिथल्या तरुणांनी आणि हवाईतील स्वयंसेवकांनी मिळून बनलेली ४४२वी पलटण इटली आणि फ्रान्समध्ये लढली. मुलगा फ्रान्सच्या जंगलात, आईबाप आयडाहोच्या वाळवंटात पहाऱ्याखाली. सरकारने माफी मागण्याचा आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देण्याचा कायदा केला तो १९८८ साली.

देवळालीकर:

परदेशातल्या अनुभवाची एक कडी आपल्या अंगणातून जाते, ती नोंदवतो. ३१ ऑक्टोबर १९४३ रोजी मुंबई बंदरात सुमारे ३,००० अमेरिकी स्वयंसैनिकांची तुकडी उतरली आणि तिला पहिल्यांदा आमच्या देवळालीच्या छावणीत आणले गेले. पुढे मध्य भारतात सराव करून हीच तुकडी, जिला 'मेरिल्स मरॉडर्स' म्हणून ओळखतात, उत्तर ब्रह्मदेशात उतरली आणि १७ मे १९४४ रोजी तिने म्यित्क्यिनाची धावपट्टी घेतली. मलेरिया, आमांश आणि टायफस यांनी तिची जेवढी माणसे निकामी केली तेवढी जपानी गोळ्यांनी केली नाहीत. ऑगस्टमध्ये ती मोडीतच काढावी लागली.

पण मला सांगायचे आहे ते लेडोच्या रस्त्याविषयी. आसामातील लेडोपासून जुन्या ब्रह्मी रस्त्याला जोडून चीनमधील कुनमिंगपर्यंत १,०७९ मैलांचा मार्ग तयार झाला आणि पहिला ताफा १९४५च्या फेब्रुवारीत पोचला. या कामावरच्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांपैकी साठ टक्के कृष्णवर्णीय होते, कारण सैन्यात वर्णभेद कायम होता आणि त्यांना बहुतांशी खोदकाम, मालवाहतूक आणि गोदीकाम यांवर ठेवले जाई. रेडक्रॉसने त्यांचे रक्तसुद्धा वेगळ्या बाटल्यांत साठवले. १९४२च्या आरंभी कॅन्ससमधील एका विमान कारखान्याच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या पत्राला लिहिले की, आपल्याला दोन विजय हवेत, एक बाहेरच्या शत्रूवर आणि दुसरा घरातल्यावर. त्या पत्राची पुढे चळवळ झाली. दक्षिणेत काम करणाऱ्या जर्मन युद्धकैद्यांना ज्या खाणावळीत बसून जेवता येई तिथे गणवेशातल्या कृष्णवर्णीय सैनिकाला मागच्या दाराने पुडके घ्यावे लागे. असे प्रसंग त्या सैनिकांनी स्वतः नोंदवले आहेत.

आणि टपालपेटी, आपल्या पत्रांविषयी एक भर. १९४५च्या आरंभी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे विमानशाळांत लाखो पत्रे तुंबून पडली होती, कारण सैनिक सतत जागा बदलत आणि एकाच नावाचे शेकडो असत. ती मार्गी लावण्यासाठी ८५५ कृष्णवर्णीय स्त्रियांची ६८८८वी टपाल पलटण मेजर चॅरिटी ॲडम्स यांच्या हाताखाली पाठवली गेली. सहा महिन्यांचे म्हणून दिलेले काम त्यांनी तीन महिन्यांत उरकले. म्हणजे खिडकीत तारा लावलेल्या कुणा गोऱ्या आईला पत्राचे उत्तर मिळाले ते या स्त्रियांच्या हातून.

जुनीपाने:

सर्वांचे मनापासून आभार. माझी मांडणी आता बदलली आहे. आरंभ टायरने करीन, मधला भाग पुयालप आणि लेडो यांना देईन आणि शेवट टपालपेटी यांनी सुचवलेल्या कागदावर होईल. १९४४चा माजी सैनिकांचा कायदा, ज्यामुळे लाखो जण महाविद्यालयात गेले, तोही घ्यावा असे वाटते. पण दक्षिणेत बँका कृष्णवर्णीय सैनिकांना त्याच कायद्याखालचे घरकर्ज नाकारत, हे वाचल्यावर तो वेगळा विषय होईल अशी भीती आहे. एक शंका राहिली: ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला तेव्हाच हे सगळे रेशनिंग संपले, असे मी लिहिले आहे. बरोबर ना?

तागडी:

पेट्रोलच्या बाबतीत बरोबर आहे, ते शरणागतीच्या दुसऱ्याच दिवशी खुले झाले आणि लोक नुसते टाकी भरण्यासाठी रांगेत उभे राहिले. मांस आणि लोणी नोव्हेंबरात सुटले, टायर वर्षअखेरीस. साखरेचे पुस्तक मात्र जून १९४७ पर्यंत जपून ठेवावे लागले. तेवढे वाक्य दुरुस्त करा.