मार्क ट्वेनच्या विनोदात बोलीचे स्थान काय?

प्रश्न – खानापूरकर
आमच्या वाचक मंडळात मला अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनवर बोलायचे आहे. कानडी वळणाची आम्हा सीमाभागातल्या माणसांची मराठी, पु. लं.च्या रावसाहेबांसारखा अपवाद सोडला तर, लेखनात बहुधा हशा पिकवण्यापुरतीच येते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ट्वेनने स्वतःच्या मुलखातल्या बोलीला कसे वागवले, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – शहापूरचा वाचक
नमस्कार. 1865 साली प्रसिद्ध झालेली उडी मारणाऱ्या बेडकाची कथा आधी वाचावी. पूर्वेकडचा एक सुशिक्षित गृहस्थ कॅलिफोर्नियातील खाणवस्तीत कुणाची तरी चौकशी करायला जातो, तेव्हा सायमन व्हीलर त्याला कोपऱ्यात गाठतो, खुर्ची आडवी लावून वाट अडवतो आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता जिम स्मायलीच्या पैजांची हकिकत ऐकवतो. स्मायलीने शिकवून तयार केलेल्या बेडकाच्या पोटात एक परका माणूस बंदुकीचे छरे भरतो, त्यामुळे ऐन पैजेत बेडूक जागचा हलत नाही. ही सारी हकिकत व्हीलर स्वतःच्या बोलीत सांगतो, आणि अवघडून बसतो तो प्रमाण भाषेतला पाहुणा.

उत्तर – निपाणीकर
वरील मताशी मी सहमत आहे. 1835 साली जन्मलेला सॅम्युअल क्लेमेन्स, म्हणजेच मार्क ट्वेन, अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील हॅनिबल या नदीकाठच्या गावात वाढला, वडील वारल्यावर छापखान्यात उमेदवारीला लागला आणि पुढे मिसिसिपीवर आगबोटी चालवू लागला. साहजिकच तिकडची बोली त्याच्या कानात मुरलेली होती. ‘हकलबरी फिन’ या त्याच्या कादंबरीत पळून आलेल्या गुलाम जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र नायक हक लिहितो, आणि नरकात जावे लागले तरी चालेल असे ठरवून ते फाडून टाकतो. कादंबरीतला हा सर्वांत गंभीर निर्णय अर्धशिक्षित पोराच्या बोलीत घेतला जातो. 1885 मध्ये अमेरिकेतील कॉन्कॉर्ड गावच्या सार्वजनिक वाचनालयाने हेच पुस्तक असभ्य ठरवून बाहेर काढले, हेही आपण अवश्य सांगावे.

उत्तर – शहापूरचा वाचक
एक पुस्ती जोडतो. त्याच कादंबरीच्या अखेरच्या प्रकरणांत हकचा मित्र टॉम सॉयर जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो, आणि तिथे जिम पुन्हा हसण्याचा विषय होतो. तेव्हा व्याख्यानात ट्वेनची ही बाजू झाकू नये.