चर्चा धागा : मोर सुतात असतो की कार्डात? सांख्यांचे द्वैत टिकते का?

सात रस्ता (मूळ मजकूर)
आमच्या वाचनमंडळात गीतेचा तेरावा अध्याय चालू असताना एका सभासदाने सांगितले की सांख्य दर्शन म्हणजे ईश्वर गाळलेला, म्हणून अपुरा राहिलेला वेदांत. सर्वांनी माना डोलावल्या. मला हे मान्य नाही आणि कारण येथे मांडतो.

कर्नाटकाची सीमा जवळ असल्याने 'द्वैत' म्हटले की आपल्याकडे मध्वाचार्य आठवतात, परंतु त्यांचे द्वैत ईश्वर, जीव आणि जगत् यांच्या भेदावर उभे आहे. सांख्यांची रेषा निराळ्या ठिकाणी पडते, आणि ती शरीर व मन यांच्यामधूनही जात नाही. त्यांच्या 25 तत्त्वांपैकी बुद्धी, अहंकार आणि मन यांसह 24 तत्त्वे जड पक्षात, म्हणजे प्रकृतीत, बसतात. उरतो तो केवळ पाहणारा पुरुष. 'मला राग आला' हीदेखील प्रकृतीतली घडामोड आहे, हे म्हणण्याचे धैर्य मला इतर दर्शनांत क्वचित दिसते. पुरुष मानावा का, यावर ईश्वरकृष्णाच्या 'सांख्यकारिका' या ग्रंथातील 17 वी कारिका (श्लोक) सांगते की अनेक वस्तूंचा संघात दुसऱ्या कोणासाठी असतो. भाष्यकार गौडपादांनी तेथे पलंगाचा दाखला दिला आहे, आणि त्या पलंगावर पांघरायचे वस्त्रही आहे, ही गोष्ट सोलापूरकराला आवडावी.

राहता राहिला ईश्वर. टिळकांनी 'गीतारहस्या'त (1915) दाखवले आहे की 61 व्या कारिकेवरील गौडपादभाष्यात ईश्वर, काल आणि स्वभाव या तिन्हींना जगाचे कारण मानण्याचे खंडन आहे. त्यावरून त्यांनी हरवलेली एक कारिका नव्याने रचूनही दिली. तेव्हा ईश्वर नजरचुकीने राहून गेला असे नव्हे, तो विचारपूर्वक नाकारलेला आहे.

विजापूर वेस
नाकारणे आणि नाकारून निभावणे यांत फरक आहे, महाशय. वेदांताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसरा पाद या आक्षेपानेच उघडतो : जडाकडून रचना संभवत नाही. सुताचे कोन (गुंडाळ्या) गोदामात दहा वर्षे ठेवा, त्यांची मोराची चादर होणार नाही. यावर सांख्यवादी 57 वी कारिका पुढे करतात, की वासरासाठी अजाण दूध जसे आपोआप पान्हावते तशी प्रकृती पुरुषासाठी प्रवृत्त होते. शंकराचार्यांचे उत्तर साधे आहे : गाय सचेतन आहे, तिला माया आहे आणि वासरू ओढते आहे. गवताचे दूध होते म्हणावे, तर बैलाने खाल्लेल्या गवताचे का होत नाही? पुढे सोळाव्या शतकात विज्ञानभिक्षूंनी सांख्यात ईश्वराला जागा करून देण्याचा खटाटोप केला, तो ही गरज जाणवल्यामुळेच, असे माझे मत आहे.

सात रस्ता
बैलाचा दाखला उत्तम आहे. पण त्यातून विशिष्ट कार्याला विशिष्ट कारण लागते एवढेच सिद्ध होते, आणि 'शक्तस्य शक्यकरणात्' (समर्थ कारण त्याला शक्य तेच कार्य करते) असे 9 व्या कारिकेने ते आधीच म्हटले आहे. कार्य कारणात आधीपासूनच असते, हा सांख्यांचा सत्कार्यवाद याच कारिकेत आहे. कर्त्याविषयी योगसूत्र 4.3 पाहावे, तेथे शेतकऱ्याचा दाखला आहे. आपल्या जिल्ह्यात उसाला दारं धरणारा माणूस पाणी हाताने ढकलत नाही. तो बांध फोडतो आणि पाणी आपल्या स्वभावाने पुढच्या सरीत जाते. निमित्तकारणाचे, म्हणजे बाहेरून निमित्त होणाऱ्या कर्त्याचे, काम एवढेच आहे.

पूर्व भाग
माझे संस्कृत बेताचे आहे, पण घरात तीन पिढ्या माग चालले. सांख्यकारिकेचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांचा एक युक्तिवाद या निमित्ताने वाचला : कापडाचे वजन सुताच्या वजनाहून वेगळे भरत नाही, म्हणून कापड सुताहून वेगळे नाही. आमच्याकडे ताण्याला (उभ्या धाग्यांना) खळ लावतात आणि वजन वाढते, परंतु खळही जमेस धरावी म्हटले तर हिशेब जुळतो. हा मुद्दा मी सोडून देतो.

माझी अडचण नक्षीची आहे. जेकार्डावर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे भोक असेल तिथे ताण्याचा ठरावीक धागा वर उचलला जातो आणि धोटा खालून निघून जातो. त्या माळेत दोन कार्डांची अदलाबदल झाली की तेच सूत, तोच माग आणि तोच कामगार असूनही मोराचा पंख तुटतो. सूत जराही बदललेले नसते. मग पंख सुतात आधीपासून होता असे कसे म्हणायचे?

सात रस्ता
कार्ड नवे काही निर्माण करत नाही. कोणता धागा वर जाईल एवढेच ते ठरवते, आणि वर जाण्याची क्षमता धाग्याचीच आहे. वाळूच्या कणांना कोणतेही कार्ड लावले तरी पंख उमटणार नाही.

पूर्व भाग
क्षमता होती हे कबूल, परंतु पंख होता हे नाही. त्याच सुतात वाकडा पंखही तितकाच 'होता', आणि तो कोणी मागितला नव्हता.

विजापूर वेस
न्याय दर्शनाचा असत्कार्यवाद, म्हणजे कार्य आधी नसते, नव्याने उत्पन्न होते हे मत, हेच सांगतो. माझा पक्ष तो नाही, पण आज त्यांची वकिली आपण केलीत.

साक्षी
आपण सर्व जण प्रकृतीच्याच अंगणात फिरत आहात, तर खरी फट पुरुषाकडे आहे. 18 वी कारिका पुरुष अनेक आहेत असे सांगते, कारण प्रत्येकाचे जन्म, मरण आणि इंद्रिये निरनिराळी आहेत व सर्व जण एकाच वेळी प्रवृत्त होत नाहीत. पण जन्म, मरण, इंद्रिये आणि प्रवृत्ती ही सारी प्रकृतीची. निर्गुण साक्षी दोन आहेत हे मोजायचे कशाने? त्यावर 62 वी कारिका सांगते की पुरुष कधी बांधला जात नाही आणि सुटतही नाही. बंध आणि मोक्ष प्रकृतीचेच. पाहणारा पुरुष पांगळा आणि चालणारी प्रकृती आंधळी, हा सांख्यांचा दाखला तर येथे मुळीच लागू पडत नाही, कारण पांगळा आणि आंधळा दोघेही सचेतन असतात आणि पांगळा निदान तोंडाने वाट सांगतो.

सात रस्ता
पांगळ्या-आंधळ्याचा दाखला मी मागे घेतो. त्यापेक्षा 59 व्या कारिकेतली, प्रयोग दाखवून झाल्यावर रंगभूमीवरून निघून जाणारी नर्तकी मला अधिक नेमकी वाटते. 18 व्या कारिकेवरचा आपला आक्षेप मात्र मला बोचतो, आणि त्या कारिकेने बहुत्व सिद्ध होत नाही हे मी मान्य करतो. तथापि पुरुष एकच मानला तर एकाच्या मोक्षाबरोबर सर्वांची सुटका का झाली नाही, हा प्रश्न विजापूर वेस यांच्या अद्वैताकडे जातो. आणि त्यांना तेथे उपाधी (एकालाच अनेक भासवणारी मर्यादा) आणावी लागेल, म्हणजे पुन्हा प्रकृतीचाच आधार घ्यावा लागेल.

विजापूर वेस
उपाधी मिथ्या असते, आपली प्रकृती सत्य आहे. हा भेद लहान नाही, पण त्याला रात्रीचे अकरा वाजता हात घालणार नाही.

पूर्व भाग
रविवारी मंडळात येतो आहे. माळ्यावर जुन्या कार्डांची एक माळ पडली आहे ती आणि सुताची एक लडी घेऊन येईन. सात रस्ता यांनी लडीतला मोर दाखवावा.