मदत हवी आहे: गाबोनमधली दीड मिलिमीटरची मुंगी ओळखायची आणि तिचा नकाशा करायचा आहे

नमस्कार मंडळी,

मी गाबोनमध्ये लिब्रेव्हिलजवळ एका प्लायवूड कारखान्यात कामाला आहे. २०१० मध्ये या देशाने कच्चे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तेव्हापासून लाकूड इथेच कापलं जातं आणि त्या कामावर आपल्याकडची बरीच माणसं आहेत. क्वार्टर आवारातच. मागे ओढा, त्यावर साकव, पलीकडे जंगल.

दारात आतांगाचं झाड आहे. जांभळी लांबट फळं, गरम पाण्यात मऊ करून मिठाबरोबर खातात. फांदी हलवली की मानेवर, कॉलरच्या आत काहीतरी बारीक पडतं आणि मुंगी दिसायच्या आधी आग सुरू होते. गांधी कितीतरी वेळ खाजत राहतात. मुंगी सोनेरी-तपकिरी, मोहरीच्या दाण्यापेक्षा मोठी नाही, सगळ्या एकाच मापाच्या. चाल अगदी संथ. शेजारच्यांच्या मांजरीच्या दोन्ही डोळ्यांवर पांढरट पडदा आलाय, आणि ती झोपते याच झाडाखाली. म्हणून मला स्वस्थ बसवत नाही.

वाचून मला वास्मानिया ऑरोपंक्टाटाचा संशय आला. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेकडची, १८६३ मध्ये क्युबातल्या नमुन्यांवरून वर्णन झालेली. गाबोनमध्ये ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे. शेजारच्या कॅमेरूनमध्ये तर कोको पिकावरचे रस शोषणारे किडे मारायला लोकांनी ती बागांत मुद्दाम सोडली. गाबोनमध्ये मांजरांच्या आणि लोपेच्या जंगलात हत्तींच्याही डोळ्यांच्या त्रासाशी तिचा संबंध असावा, असं तिथल्या अभ्यासकांनी लिहिलंय. लाकूडतोडीमुळे तिचा फैलाव वेगाने होतो हा अभ्यास २००४ चा. तो वाचला तेव्हापासून आमच्या ओंडक्यांच्या ढिगाकडे बघितलं की पोटात गोळा येतो.

दोन ठिकाणी अडलोय. एक, मोबाइलच्या फोटोत नुसता तपकिरी ठिपका येतो, खात्री कशी करू? दोन, जिथे दिसली तिथल्या ३१ जागा मी तक्त्यात लिहून नकाशावर टाकल्या, तर सगळे ठिपके दोनच ठिकाणी येऊन बसले. त्यातलं एक ठिकाण भर जंगलात, जिथे मी गेलोच नाही.

प्रतिसाद १

फोटोचा नाद सोडा, आधी मुंगी मिळवा. इथल्या बाजारात शेंगदाण्याची पेस्ट मिळते, ती पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नखाएवढी फासून सावलीत ठेवा, तासाभराने बघा. मुंग्या अल्कोहोलच्या कुपीत टाका, जिवंत कुठेही नेऊ नका. आत चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

मग २० पटींचं भिंग घ्या आणि शृंगिकेचे, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचे, सांधे मोजा. मुळाशी जी लांब दांडी असते ती धरून ११ हवेत, आणि टोकाचे फक्त दोन जाड. कमरेला दोन गाठी, पाठीच्या मागच्या टोकाला दोन लांब काटे. दिसायला जवळच्या दुसऱ्या मुंग्याही आहेत: सोलेनॉप्सिस असेल तर सांधे साधारण १० आणि काटे नाहीत. टेट्रामोरियममध्ये टोकाचे तीन सांधे जाड असतात. फायडोलेमध्ये मोठ्या डोक्याचे शिपाई हटकून सापडतात, आणि तिच्या काही जाती तर आफ्रिकेतल्याच. घाई करू नका. तुमच्या पायाखाली इथल्या मूळच्या कितीतरी बारीक मुंग्या आहेत, चुकीच्या नावाने त्यांच्यावर विष पडायला नको.

प्रतिसाद २

तुमच्या तक्त्यातला अक्षांश-रेखांशाचा रकाना बघा. दशांशानंतर दोनच आकडे उरले असणार, तक्ता आपोआप पूर्णांकन करतो. विषुववृत्ताजवळ एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दोन आकड्यांत अर्ध्या किलोमीटरपर्यंतची चूक सहज होते. पाच आकडे ठेवा, मीटरभरापर्यंत याल. फोनच्या जीपीएसची चूक झाडाखाली त्याहून जास्त असते, तेव्हा जागेवर दोन मिनिटं थांबून मगच नोंद घ्या.

आणि याहून महत्त्वाचं, फक्त मुंगी दिसलेल्या जागा नोंदवू नका. ठरावीक अंतरावर पुठ्ठे मांडा आणि रिकामा राहिलेला प्रत्येक पुठ्ठाही लिहा, तारीख-वेळेसकट. पाऊस पडत असेल तर ती फेरी धरू नका. रिकाम्या जागा नसतील तर तुम्ही कुठे हिंडलात एवढंच नकाशा सांगेल, मुंगीची हद्द त्यातून कळणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रकान्यात खरोखर दोनच आकडे होते. मूळ आकडे फोनमध्ये शाबूत होते, सगळे पुन्हा भरले.

पॅकिंग विभागातल्या एका सहकाऱ्याकडे भिंग मिळालं. पांढऱ्या बशीत अल्कोहोलचा थेंब, त्यात मुंगी, बाजूने टॉर्च. शृंगिका तीनदा मोजली, तिन्ही वेळा ११, शेवटचे दोन फुगीर. पाठीचे काटे उजेड तिरपा केल्यावर एकदम उठून दिसले. आठ मुंग्या तपासल्या, आठही तशाच. पक्कं कोणी तज्ज्ञानेच करायला हवं, म्हणून नमुना कुपीत ठेवलाय. लिब्रेव्हिलमध्ये उष्णकटिबंधीय पर्यावरणाची सरकारी संशोधन संस्था आहे, इरेट, तिथे दाखवायला नेतो.

काल पुठ्ठ्यांची पहिली फेरी केली. ओंडक्यांच्या ढिगापासून साकवापर्यंत दर १० मीटरवर एक, आणि पलीकडे तसेच १४. अलीकडे २० पैकी १३ पुठ्ठ्यांवर मुंग्या, साकवाच्या अलीकडच्या टोकाला शेवटचा. पलीकडचे सगळे १४ रिकामे, म्हणजे त्यांच्यावर ही मुंगी नव्हती, काळ्या मोठ्या मुंग्या मात्र आल्या होत्या.

हे कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा: ओंडक्यांची सोललेली साल उन्हात पसरून पूर्ण वाळवली तर आतल्या वसाहती मरतात का, की साल जाळूनच टाकावी लागते? आमच्याकडची साल आठवड्यातून दोनदा ट्रॉलीने साकवावरून पलीकडे नेऊन टाकतात. उद्याची ट्रॉली थांबवा म्हणून आज सकाळी साहेबांना भेटलो, तेरा पुठ्ठे टेबलावर ठेवले. एक दिवस थांबू म्हणालेत.