मदत हवी आहे: वर मजला चढवावा की विकून थ्रीबीएचके घ्यावा?

चाफा
आमचं घर टूबीएचके, वर मोकळी गच्ची. मुलं मोठी झाली, सासूबाई आता कायमच्या इथेच राहणार. ठेकेदार म्हणतो वर ६०० चौरस फूट काढू, फुटाला १,८०० रुपये. दुसरीकडे जवळच ९५ लाखांचा तयार थ्रीबीएचके बघितलाय, मालक या आठवड्यात टोकन मागतोय. "दोन्हीचे फायदे-तोटे बघा" असं कृपया नको, तेच गेले सहा महिने चाललंय. ठाम सांगा.

ओळंबा
ठाम सांगायला आधी माहिती हवी. शहर कोणतं? स्वतंत्र प्लॉट की रो हाऊस? आरसीसी (काँक्रीटच्या कॉलम-बीमवर उभं) की भिंतींवर पेललेलं? कोणत्या सालचं? गच्चीवर कॉलमच्या सळ्या सोडल्यात का? मंजूर नकाशात वरचा मजला आहे का?

पायवाट
एवढी चौकशी कशाला? फ्लॅट घ्या. बांधकाम म्हणजे वर्षभर धूळ, आणि १,८०० चा दर २,५०० वर जातोच. ठेकेदाराच्या दरात जिना, पाण्याची टाकी हलवणं, ड्रेनेजचा नवा पाइप, नवं वॉटरप्रूफिंग, खिडक्यांचे ग्रील यातलं काय धरलंय ते लिहून घ्या. बहुतेक वेळा काहीच धरलेलं नसतं.

जमाखर्च
पायवाट, फ्लॅटचाही वरखर्च सांगा की. पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यात असतील तर ९५ लाखांवर ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ६ लाख ६५ हजार, शिवाय नोंदणी ३० हजार. फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत. ही रक्कम बँक घराच्या किमतीत धरत नाही, ती खिशातूनच जाते. भोगवटा पत्र (इमारत राहायला तयार असल्याचा महापालिकेचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असेल तर ५ टक्के. ५० लाखांच्या वरचा व्यवहार म्हणून १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या रकमेतून आधीच कापायचा आयकर) कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची, तेही विसरू नका.

चाफा
पिंपरी-चिंचवडच. रो हाऊस आहे, मधलं. आरसीसी. २००४ चं. सळ्या आहेत, दीड फुटाच्या असतील. नकाशा सापडत नाही. आता सांगा.

ओळंबा
"मधलं" हा शब्द पहिल्या ओळीत हवा होता, सगळं त्यावरच अडलंय. रो हाऊसच्या ओळीत मधल्या भिंतीतले कॉलम आणि त्यांचे फुटिंग (जमिनीतला पाया) बहुधा दोन्ही घरांचे सामाईक असतात. तुमच्या मजल्याचं वजन शेजाऱ्याच्या पायावरही येतं. शेजाऱ्यांनी वर काही बांधलंय का?

सळ्यांचं म्हणाल तर वरच्या कॉलमच्या सळीला जोड देताना व्यासाच्या ५० पट लांबी धरतात. १६ मिलिमीटरच्या सळीला ८०० मिलिमीटर, म्हणजे अडीच फुटांच्या वर. दीड फुटात ते बसत नाही. मग कपलर (दोन सळ्या जोडणारी नळी) लागतो किंवा खालचं काँक्रीट फोडून सळी मोकळी करावी लागते. शिवाय त्या वीस वर्षं उघड्यावर आहेत. तारेच्या ब्रशने गंज काढून, अगदी स्लॅबला टेकते तिथे, व्हर्नियरने व्यास मोजा. १६ ची १४ झाली असेल तर सळीचं क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटलं.

गिलावा
गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (गळती रोखायला घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर) आधी काढायला लावा. चार इंची कोबा चौरस मीटरला साधारण २०० किलो, ६०० फुटांवर जवळजवळ ११ टन. राहत्या घरात माणसं आणि सामान मिळून डिझाइनला जेवढा भार धरतात तेवढाच हा. भिंतींना सहा इंची एएसी (हलके सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक. दहा फूट उंचीची नऊ इंची विटेची भिंत मीटरला सव्वा टनाच्या पुढे जाते, ब्लॉकची प्लास्टर सोडून ३०० किलोच्या आसपास.

पायवाट
कोबा काढताना ब्रेकर लावतात आणि खालच्या स्लॅबला तडे जातात. त्यापेक्षा त्यावरच फरशी टाकावी.

गिलावा
११ टन वर ठेवून वरून आणखी मजला? ब्रेकर लावायचाच नाही, छिन्नी-हातोड्याने पट्टे पट्टे सोडवायचे, आणि हे दिवाळीनंतर. पावसात उघडा स्लॅब ठेवला तर खाली हॉलमध्ये बादल्या लावाव्या लागतील.

हलकंफुलकं
एवढं वजनच नको असेल तर स्टीलच्या फ्रेमची खोली करा, वर इन्सुलेटेड पॅनल. महिन्यात उभी राहते.

ओळंबा
परवानगी तिलाही लागते, आणि वाऱ्याने उचलू नये म्हणून अँकर त्याच जुन्या स्लॅबमध्ये मारावे लागतात. तपासणी टळत नाही.

उन्हं
वर बांधणारच आहात तर सोलर आत्ताच बसवा, नंतर जागा उरत नाही. पॅनल दक्षिणेकडे कलते ठेवा.

चाफा
सोलर विचारलं नव्हतं. डावीकडच्यांनी तीन वर्षांपूर्वी वर बांधलंय. त्या बाजूच्या सळ्या दिसत नाहीत, त्यांच्या भिंतीत गेल्यात वाटतं. उजवीकडच्यांची गच्ची मोकळी.

ओळंबा
म्हणजे सामाईक कॉलम त्यांनी वर नेलाय. त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग मागा. त्यात दोन्ही घरांचा भार धरला असेल तर तुमचं काम सोपं. नसेल तर त्या ओळीतल्या कॉलमची क्षमता त्यांच्याच मजल्याने संपली, जॅकेटिंग करावं लागेल. त्यात कॉलमभोवती चारही बाजूंनी किमान चार इंच नवं काँक्रीट, तेही फुटिंगपासून. अर्धं त्यांच्या खोलीत जाईल, त्याला ते तयार होतील का?

इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. फक्त रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून मजबुती मोजणारं यंत्र) थांबू नका, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाने) कडक होतो आणि आकडा फुगतो. कोअर (काँक्रीटचा गोल नमुना कापून) काढायला सांगा. नव्याने फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून तपासणी करणारं द्रावण) मारलं आणि सळीपर्यंत गुलाबी रंग आला नाही तर आतल्या सळीचं संरक्षण संपलंय.

जमाखर्च
नकाशाची प्रमाणित प्रत महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागात मागा, नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज. जमीन सोसायटीच्या नावावर असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आणि शिल्लक एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं त्याची मर्यादा) आहे की बिल्डरने आधीच वापरलाय ते वास्तुविशारदाकडून काढून घ्या. विनापरवाना बांधलं तर महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ ने मिळकतकराच्या दुप्पट दंड लागू शकतो, बँक कर्ज देत नाही, आणि पुढे विकताना गिऱ्हाईक त्यावरच भाव पाडतं. विकायचं ठरलं तर नफा नव्या घरात गुंतवून कर वाचतो, पण नवं घर जुनं विकण्याआधीच्या एका वर्षात किंवा विकल्यानंतरच्या दोन वर्षांत घ्यावं लागतं.

चाफा
मग टोकनचं काय करू? त्याला उद्या उत्तर द्यायचंय.

ओळंबा
ठाम हवं होतं ना: उजवीकडचे लेखी संमती देत नसतील किंवा डावीकडच्या ड्रॉइंगमध्ये तुमचा भार धरलेला नसेल, तर फ्लॅट घ्या. हे दोन्ही कागद मिळाले, एफएसआय शिल्लक निघाला आणि कोअरचा निकाल चांगला आला तरच बांधा. पहिली दोन उत्तरं दोन दारं वाजवून संध्याकाळपर्यंत मिळतील. टोकन द्यावंच लागलं तर चेकने द्या. पावतीवर "भोगवटा पत्र, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि बँकेची मंजुरी न मिळाल्यास पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत" एवढं लिहून मालकाची सही घ्या.

गिलावा
आणि बांधलंच तर डावीकडच्या भिंतीला लागून जी फट राहील तिच्यावर पत्र्याचं फ्लॅशिंग (पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणारी पट्टी) त्यांच्या प्लास्टरमध्ये खाच मारून बसवा. नुसतं सिमेंट भरलं तर पहिल्याच पावसात दोन्ही घरांत ओल उतरेल.