मदत हवी आहे: व्हर्सायचा तह आणि दुसरं महायुद्ध

लेकीची सोमवारी वादविवाद स्पर्धा आहे. विषय: ‘व्हर्सायच्या तहानेच दुसऱ्या महायुद्धाची बीजं पेरली.’ पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीशी झालेल्या या तहाबद्दल पाठ्यपुस्तकात चार ओळींपलीकडे काही नाही. ठोस मुद्दे हवेत, कृपया लवकर.

मास्तर: बाजूने की विरोधात? वेळ किती?

पेठकर: बाजूने धरून सांगतो. २८ जून १९१९ला सह्या झाल्या त्या व्हर्सायच्या आरसेमहालात. १८७१ साली जर्मन साम्राज्याची घोषणा तिथेच झाली होती. कलम २३१ने युद्धाचं खापर जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर फोडलं. सैन्य १ लाखावर आणलं. १९२१मध्ये १३२ अब्ज सुवर्ण मार्क भरपाई ठरली. वसुली थकली म्हणून जानेवारी १९२३मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या फौजा रूर या जर्मनीच्या औद्योगिक भागात घुसल्या. हिटलरने हाच अपमान गावोगावच्या सभांत उगाळला.

हिशेबी: १३२ अब्ज सगळेच सांगतात. त्यातले ८२ अब्ज केवळ कागदावर होते, वसूल होणार नाहीत हे ठरवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. १९२४च्या डॉज योजनेने (भरपाईची नवी मांडणी) हप्तेही हलके झाले. मे १९२८मध्ये नाझींना मतं किती? २.६ टक्के. जागतिक मंदी आल्यावर सप्टेंबर १९३०मध्ये १८.३. तह तर तोच होता!

पेठकर: राग होताच हो, पोटाला मिळत होतं तोवर दबलेला. मंदीने नोकऱ्या गेल्या, पण दोष कुणाला द्यायचा हे तहाने आधीच शिकवून ठेवलं होतं.

खडकीवाला: एवढ्या लांब कशाला जायचं? जून १८१७मध्ये पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने दुसऱ्या बाजीरावाकडून मराठेशाहीचं प्रमुखपद सोडल्याचं तहात लिहून घेतलं. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई! शाळेत हे का शिकवत नाहीत?

मास्तर: त्यासाठी वेगळा धागा काढा. ताई, बाजू कुठली?

रानवाट: मुद्दे पाठ करून घेऊ नका. मुलं मध्येच अडकतात. घरच्यांसमोर उभं राहून बोलायला लावा.

धागाकर्ती: विरोधात. चार मिनिटं.

पेठकर: हे आधी सांगायचं ना!

हिशेबी: मग हे घ्या. मार्च १९१८मध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कला जर्मनीने रशियावर लादलेला तह व्हर्सायपेक्षा कडक होता. आणि १९४५नंतर जर्मनीचे तुकडे झाले, चार देशांच्या फौजा आत बसल्या, पूर्वेचा मुलूख गेला. तरी तिसरं युद्ध पेटलं नाही.

पेठकर: पश्चिम जर्मनीला मार्शल योजनेची, म्हणजे युरोप उभा करायला अमेरिकेने दिलेली, मदत मिळाली ते का गाळता? समोरची मुलं पहिलं तेच विचारतील. ताई, त्याचं उत्तर तयार ठेवा.